धुराड्यावाटे गेलेली ऊब

आपल्या महाराष्ट्रांत थंडी पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यासारखीच निघून जाते. मार्गशीर्ष-पौषांत पहांटे अंगांत हुडहुडी भरते, आपण गोधडी कानांवर ओढून घेतों, खेड्यांत अंगणांत शेकोटी पेटते, आणि सूर्य कासराभर वर आला कीं सारें विसरून जातें. घर ऊबदार कसें ठेवावें हा प्रश्न आपल्या पूर्वजांपुढें फारसा कधीं उभा राहिला नाहीं. आपल्या वाड्यांच्या जाड भिंती, त्यांचे चौक, त्यांच्या ओसऱ्या, ही सारी योजना ऊन बाहेर ठेवण्यासाठीं. उत्तरेची थंडी किती कडक असते हें दक्षिणी माणसाला इ. स. १७६० च्या हिंवाळ्यांत पानिपतच्या छावणीनें पुरतें शिकविलें. पण तो धडा घर बांधणाराच्या कामाचा नव्हता.

परंतु पृथ्वीच्या पाठीवर असे देश आहेत कीं जेथें हिंवाळा पांच-सहा महिने ठाण मांडून बसतो. जेथें रात्रीं विस्तव विझला तर सकाळीं भांड्यांतलें पाणी दगड होऊन बसतें, आणि घरांतलें तान्हें मूल व म्हातारें माणूस यांच्या जिवाशीं गांठ पडते. आज आपल्यांपैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें अशा देशांत संसार थाटून राहिलीं आहेत, तेव्हां हा विषय अगदींच परका राहिलेला नाहीं. विस्तव पेटविण्याची विद्या माणसाला अतिप्राचीन काळापासून अवगत आहे. पेटविलेल्या विस्तवाची ऊब घरांत अडवून ठेवण्याची विद्या मात्र युरोपच्या लोकांना फार उशिरां साधली, आणि ती साधेपर्यंत त्यांनीं रानेंच्या रानें जाळलीं व पुष्कळ माणसेंहि गमावलीं. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

मध्ययुगांतील इंग्लंडमधील एखाद्या सुखवस्तु कुळाचें घर डोळ्यांपुढें आणा. मधोमध एक उंच, मोठें दालन. त्याच्या जमिनीवर मध्यभागीं दगडांनीं बांधून घेतलेली आगटी. तिच्याभोंवतीं घरधनी, चाकरमाणसें, कुत्रीं, सारीं एकत्र बसलेलीं. धूर वर आढ्यापर्यंत चढे आणि छपराला ठेवलेल्या झरोक्यांतून सावकाश बाहेर पडे. डोळे चुरचुरत, तुळया काजळत. पण ऊब घरांतच घोटाळत राही. पुढें भिंतींत आगटी आणि तिच्यावर उभें धुराडें बांधण्याची चाल पडली, आणि सोळाव्या शतकांत ती सामान्य लोकांच्या घरांपर्यंत पोंचली. विल्यम हॅरिसन नांवाच्या एका इंग्रज पाद्र्यानें इ. स. १५७७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या देशवर्णनांत लिहून ठेवलें आहे कीं, त्याच्या गांवच्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातींत झालेले जे तीन मोठे पालट आश्चर्यकारक वाटत, त्यांत धुराड्यांची वाढ हा एक होता. दुसरे दोन म्हणजे बिछाने आणि भांडीं. हॅरिसनला स्वतःला हा पालट फारसा रुचलेला दिसत नाहीं. धूर घरांत होता तेव्हां तुळया टणक राहत व माणसेंहि. आतां धुराडीं झालीं आणि जो तो पडशानें बेजार, अशी त्याची तक्रार आहे. म्हाताऱ्यांचें हें गाऱ्हाणें वाचून हंसूं येतें. तथापि एका अर्थानें त्याचें म्हणणें खरें होतें.

कारण धुराड्यानें घर स्वच्छ केलें तसेंच थंडहि केलें. भिंतींतल्या उघड्या आगटींत लांकूड जळूं लागलें कीं तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यांतून वेगानें वर जाते. ती जागा भरून काढण्यासाठीं दाराच्या फटींतून, खिडकीच्या सांध्यांतून बाहेरची गार हवा आंत ओढली जाते. म्हणजे आगटी जितकी मोठी पेटवावी तितका गार वारा खोलींत अधिक शिरतो. माणसाला लाभते ती फक्त जाळाची समोरून अंगावर पडणारी ऊब, उन्हासारखी. तोंड भाजतें आणि पाठ गारठते. जळणाची जी एकंदर उष्णता, तिच्यांतील दहावा हिस्सा, फार तर त्याहून थोडा अधिक, खोलीच्या वांट्याला येई. बाकीची सारी आभाळाला अर्पण. राजवाड्यांतून सुद्धां याहून निराळें नव्हतें. तेथें आगट्या मोठ्या, म्हणून गार वाराहि मोठा.

लांकूड मुबलक होतें तोंपर्यंत याची कोणाला क्षिति वाटली नाहीं. लंडनाजवळचीं रानें ओसरलीं तेव्हां न्यूकॅसलहून गलबतांतून कोळसा येऊं लागला, आणि शहरावर काळी छाया पसरली. इ. स. १६६१ मध्यें जॉन एव्हलिन या विद्वान् गृहस्थानें या धुराविरुद्ध एक पुस्तक लिहून दुसऱ्या चार्लस राजाला अर्पण केलें. राजानें त्याचें कौतुक केलें. आणि दुसऱ्याच वर्षीं इंग्लंडमधील दर आगटीवर सालीना दोन शिलिंगांचा कर बसला! अर्थात् तो धूर कमी व्हावा म्हणून नव्हे, खजिना भरावा म्हणून. आगट्या मोजण्यासाठीं सरकारी माणसें लोकांच्या घरांत शिरूं लागलीं, त्याचा लोकांना इतका संताप आला कीं राज्यक्रांतीनंतर इ. स. १६८९ मध्यें तो कर उठवावा लागला.

आतां इंग्लंड सोडून थोडें पूर्वेकडे पाहूं; कारण ज्यांना खरोखरीच कडाक्याच्या थंडीशीं झुंजावें लागे त्या लोकांची वाट निराळी होती. कोरियांतील घरांत स्वयंपाकाच्या चुलीचा धूर सरळ वर न सोडतां जमिनीवरील दगडी लाद्यांच्या खालून फिरवीत व पलीकडच्या बाजूच्या धुराड्यांतून बाहेर काढीत. चुलीवर भात शिजे आणि त्याच जाळावर निजण्याची जमीनहि तापे. रशियांतील शेतकऱ्याच्या लांकडी घरांत विटामातीची प्रचंड भट्टी घराचा मोठा भाग अडवून बसलेली असे. दिवसांतून एकदां ती पेटवावी, तिच्यांतच भाकर भाजावी, आणि रात्रीं म्हाताऱ्यांनीं व मुलांनीं तिच्या माथ्यावर निजावें. आपल्या काश्मिरांत तर याहून काटकसरीची युक्ति आहे. मातीच्या भांड्यांत निखारे, भांड्याभोंवतीं वेताचें विणकाम, आणि ती कांगडी फेरनाच्या आंत पोटाशीं. तेथें घर तापवावयाचें नाहीं, माणूस तापवावयाचा. मूठभर कोळशांत दिवस निघतो. मात्र वर्षानुवर्षें ती धग पोटाच्या व मांडीच्या कातडीला लागून तेथें कर्करोग होतो, हें डॉक्टरांना फार दिवसांपासून ठाऊक आहे. गरिबाची काटकसर पुष्कळदां त्याच्या शरीरानेंच भरून द्यावी लागते.

रशियाच्या भट्टींतील जें तत्त्व शेतकऱ्याच्या अनुभवांत होतें, त्याला शास्त्राची शिस्त लावली स्वीडननें. अठराव्या शतकांत स्वीडनचें लोखंड साऱ्या युरोपांत विकलें जाई, आणि तें गाळण्यासाठीं लांकडाचा कोळसा लागे. एका बाजूला लोखंडाच्या भट्ट्या, दुसऱ्या बाजूला घरोघरच्या आगट्या. रान तें किती पुरणार? इ. स. १७६७ मध्यें तेथील राज्यकर्त्यांनीं कार्ल योहान क्रोन्स्टेट हा वास्तुशिल्पी आणि फाबियान व्हरेदे हा सेनाधिकारी या दोघांवर काम सोंपविलें कीं, थोड्या सरपणांत घर तापेल अशी भट्टी योजावी. क्रोन्स्टेटची कृति इ. स. १७७५ मध्यें पुस्तकरूपानें छापली गेली, आणि ती इतकी साधी आहे कीं वाचणाराला वाटावें, हें मला कां सुचलें नाहीं! भट्टीच्या पोटांत जाळ. त्याचा धूर मधल्या वाटेनें वर चढतो, माथ्याशीं वळून दोन बाजूंच्या वाटांनीं खालीं उतरतो, आणि पुन्हां दुसऱ्या दोन वाटांनीं वर चढून मग धुराड्यांत जातो. एकूण पांच वाटा, साऱ्या विटांच्या. धुराला घराबाहेर जाण्याची घाई. त्याला असा हेलपाटा घालावयास लावला कीं जातां जातां तो आपली बहुतेक उष्णता विटांच्या स्वाधीन करून, निवून बाहेर पडतो.

या भट्टीला लांकूड घालावयाचें तें बारीक फोडलेलें, चांगलें वाळलेलें. आणि तें धुमसत ठेवावयाचें नाहीं, भडकून जळूं द्यावयाचें. तासा-दीड तासांत जाळ संपला कीं धुराड्याच्या तोंडाची झडप बंद करावयाची. विस्तव विझलेला असतो आणि तरीहि भट्टीची पांढरी, चकचकीत, फुलांच्या नक्षीची फरशी दुसऱ्या दिवसापर्यंत हाताला कोंबट लागत राहते. हात भाजत नाहीं, ठिणगी उडत नाहीं, खोलींत गार वारा ओढला जात नाहीं. स्टॉकहोमच्या मध्यमवर्गीय घरांतून पुढें सव्वाशें वर्षें ही भट्टी कोपऱ्याकोपऱ्यांत उभी होती.

तिच्यांत एकच धोका होता, आणि तो सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. निखारे पुरते विझण्यापूर्वीं कोणी घाईनें झडप लावली तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु खोलींत पसरे. त्याला ना रंग, ना वास; निजलेला माणूस जागा होत नसे. हाच वायु आजहि उत्तर भारतांत दर हिंवाळ्यांत बळी घेतो. दारें-खिडक्या लावून, कोळशाची शेगडी उशाशीं घेऊन निजलेलें कुटुंब सकाळीं उठलें नाहीं, अशी बातमी आपण वाचतों ती यामुळेंच. मुंबई-पुण्याचे जे तरुण नोकरीनिमित्त तिकडे जातात त्यांना ही एक गोष्ट घरच्यांनीं अवश्य सांगून ठेवावी.

अमेरिकेंत हाच प्रश्न बेंजामिन फ्रँकलिनपुढें आला. फिलाडेल्फियाच्या दारांत पूर्वीं मिळणारें लांकूड आतां दूरदूरच्या अंतरावरून आणावें लागतें, ही त्याची तक्रार होती. त्यानें ओतीव लोखंडाच्या पत्र्यांची एक आगटी योजली व इ. स. १७४४ मध्यें तिची माहिती देणारी पुस्तिका छापली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरानें त्याला या शोधाचा मक्ता देऊं केला. फ्रँकलिननें तो नाकारला. दुसऱ्यांच्या शोधांचा फायदा आपण फुकट घेतों, तर आपलाहि शोध लोकांना फुकट द्यावा, असें त्याचें म्हणणें. लंडनमधील एका लोहाराच्या दुकानदारानें मग त्यांत थोडा फेरफार करून स्वतःच्या नांवें मक्ता मिळविला आणि चार पैसे गांठीं बांधले! आगटी मात्र मूळ रूपांत फारशी चालली नाहीं. फ्रँकलिननें धुराला आधीं खालीं जमिनीपर्यंत उतरविलें होतें. धुराडें गरम असेल तरच तो उतरे, नाहीं तर खोलींतच परत फिरे. पुढें दुसऱ्यांनीं ती दुरुस्त केली, आणि फ्रँकलिनचें नांव तेवढें तिला चिकटून राहिलें.

या साऱ्यांत ज्याची बुद्धि मला सर्वांत अधिक तीक्ष्ण वाटते तो पुरुष म्हणजे काउंट रम्फर्ड. हें त्याचें पदवीचें नांव. मूळचा तो बेंजामिन थॉम्प्सन, इ. स. १७५३ मध्यें मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथें जन्मलेला. माणूस म्हणून त्याच्याविषयीं आदर वाटणें कठीण आहे. स्वदेशाच्या स्वातंत्र्ययुद्धांत तो इंग्रजांचा हेर झाला, बायको व तान्ही मुलगी मागें टाकून पळाला. पुढें लाव्हाझिएच्या विधवेशीं त्यानें लग्न केलें, तेंहि टिकलें नाहीं. परंतु उष्णता म्हटली कीं हा गर्विष्ठ माणूस एकदम नम्र विद्यार्थी होई. तोफेच्या नळीला भोंक पाडतांना ती तापते, त्यावरून उष्णता ही वस्तु नसून गति आहे असा सिद्धान्त इ. स. १७९८ मध्यें मांडणारा तो हाच; आमच्या पिढीनें शाळेच्या पुस्तकांत हा प्रयोग घोकला आहे. बव्हेरियाच्या इलेक्टराची (तेथील शासकाची) चाकरी करीत असतां त्यानें म्यूनिकमधील भिकारी इ. स. १७९० च्या पहिल्या दिवशीं एकत्र आणून उद्योगगृहांत ठेवले, आणि त्या हजारांवर माणसांचा स्वयंपाक अगदीं थोड्या लांकडांत होईल अशा बंदिस्त चुली बांधल्या. विस्तव उघडा ठेवून त्यावर भांडें ठेवणें म्हणजे लांकडाची उधळपट्टी, हें त्याचें ठाम मत होतें. आपल्याकडे निर्धूर चुलीचा प्रयत्न वर्ध्याच्या मगनवाडींत झाला तो इ. स. १९४७ च्या सुमारास. रम्फर्डच्या चुली त्याच्या दीडशें वर्षें अगोदरच्या.

इ. स. १७९५ च्या शरद् ऋतूंत, म्हणजे इकडे सवाई माधवरावांच्या मृत्यूनें पुण्यांत कारस्थानांना ऊत आला होता त्याच सुमारास, रम्फर्ड लंडनांत आला. शहरावरची धुराची छत्री पाहून त्याच्या मनांत पहिला विचार आला तो आरोग्याचा नव्हे. एवढा कोळसा न जळतां, न ऊब देतां वर चालला आहे, हा! त्यानें आगटी मोडून नवी बांधली नाहीं. तिच्यांतच चार विटा अशा बसविल्या कीं तिचा स्वभाव बदलला. मागची भिंत पुढें आणून आगटी उथळ केली. दोन्ही बाजूंच्या भिंती तिरप्या केल्या, मागच्या भिंतीशीं १३५ अंशांचा कोन करून, म्हणजे जाळाची धग त्यांवर आपटून खोलींत परत येईल. आणि त्या काळ्या न ठेवतां पांढऱ्या रंगवाव्या असें सांगितलें. धुराड्याचा गळा, जो पूर्वीं इतका रुंद असे कीं माणूस सहज उभा राहील, तो आवळून अवघा चार इंचांचा केला. धूर तेवढ्यांतून जातो. खोलींतली तापलेली हवा मात्र पूर्वीप्रमाणें लोटून जात नाहीं. गवंड्याचें थोडेंसें काम, थोड्या विटा, थोडा चुना. इ. स. १७९६ मध्यें त्यानें हें सारें निबंधांत छापून टाकलें. मक्ता त्यानेंहि घेतला नाहीं. दोन-चार वर्षांत लंडनच्या मोठ्या घरांतून 'रम्फर्ड' बसविणें ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. गिलरे नांवाच्या व्यंगचित्रकारानें इ. स. १८०० मध्यें त्याचें चित्र काढलें: कोटाच्या शेपट्या वर धरून हे काउंटमहाराज आपल्याच आगटीपुढें पाठ शेकीत उभे आहेत. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरींतील नायिका जुन्या मठांत भव्य, भीषण आगटी पाहावयास मिळेल या आशेनें जाते, आणि तिला दिसतो तो नवा आटोपशीर 'रम्फर्ड'!

येथें एक गोष्ट मनाला टोंचते. स्वीडनची भट्टी छापील पुस्तकांत उपलब्ध होती. रशियाची शेंकडों वर्षांची होती. रम्फर्ड स्वतः बंद चुलीचा कैवारी. असें असतां इंग्रज लोकांनीं उघडी आगटी सोडली नाहीं. जाळ डोळ्यांना दिसला पाहिजे, त्यावांचून घराला घरपण नाहीं, ही त्यांची श्रद्धा. डॉक्टरहि सांगत कीं आगटीनें खोलींतली हवा खेळती राहते. त्यांत तथ्य होतेंच. मी या आवडीला नांवें ठेवीत नाहीं. देवघरांतली समई विजेच्या दिव्यापेक्षां आपल्याला प्रिय असतेच कीं नाहीं? पण समईच्या तेलासाठीं दुसऱ्याचें मूल राबत नाहीं. इंग्रजांच्या आगटीसाठीं तें राबत होतें.

कोळशाच्या आगट्यांचीं धुराडीं अरुंद असत. नऊ इंच बाय चौदा इंच हें नेहमींचें माप. तीं वळणावळणांचीं, आणि आंत काजळीचा थर. तो खरवडण्यासाठीं लहान मुलें आंत चढवीत. पांच-सहा वर्षांचीं अनाथ किंवा गरिबांचीं मुलें. गुडघे-कोंपरें सोलून निघालेलीं. पुढें वयांत आल्यावर काजळीनें होणारा कर्करोग, ज्याचें वर्णन शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यानें इ. स. १७७५ मध्यें केलें होतें. इ. स. १७८८ मध्यें कायदा झाला कीं आठ वर्षांखालील मूल कामाला लावूं नये. कोणी पाळला नाहीं. इ. स. १८४० मध्यें एकवीस वर्षांखालील कोणीहि धुराड्यांत चढूं नये असें ठरलें. तेंहि कागदावर राहिलें. काठीला लावावयाचे ब्रश तोंवर निघाले होते, पण घरमालकांना मुलगाच अधिक चांगलें साफ करतो असें वाटे. इ. स. १८७५ मध्यें केंब्रिजजवळ एका इस्पितळाच्या धुराड्यांत अडकून एक मुलगा मेला, तेव्हां कोठें परवान्यांची कडक पद्धत सुरू होऊन हा धंदा बंद पडला. पहिल्या कायद्यापासून सत्त्याऐंशीं वर्षें.

मुलें सुटलीं, धूर राहिला. इ. स. १९५२ च्या डिसेंबरांत ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत लंडनवर थंड, निश्चल हवेचें झांकण बसलें, आणि खालीं लाखों आगट्या पेटलेल्या. महायुद्धानंतरची ओढाताण; चांगला कोळसा परदेशीं विकावयाचा आणि घरोघर मिळे ती कमी प्रतीची भुकटी. तिच्यांत विजेच्या कारखान्यांचा व मोटारींचा धूर मिसळला. हातभर अंतरावरचें दिसेना. एका नाट्यगृहांत धुकें आंत शिरल्यामुळें संगीतिका अर्ध्यावर थांबवावी लागली. प्रदर्शनांत आणलेलीं गुरें दगावलीं. माणसें किती मेलीं हें प्रथम कळलें तें शवपेट्या आणि फुलें विकणारांना, कारण त्यांचा माल संपला. त्या वेळीं आंकडा सुमारें चार हजारांचा धरला गेला. पुढील काळांतील संशोधकांनीं तो बारा हजारांपर्यंत असावा असें दाखविलें आहे. मरणारांत म्हातारे, तान्हीं मुलें व दमेकरी अधिक. सरकारनें आधीं इन्फ्लुएंझावर खापर फोडण्याचा यत्न केला. अखेर इ. स. १९५६ मध्यें स्वच्छ हवेचा कायदा झाला. शहरांत धूरबंदीचे भाग ठरले आणि आगट्या बदलण्यास लोकांना सरकारी पैसा मिळूं लागला. त्यानंतर उत्तर समुद्रांतला वायु नळांनीं घरोघर आला, आणि जी गोष्ट एव्हलिननें मागितली होती ती तीनशें वर्षांनीं लंडनला मिळाली. इंग्लंडांत घरगुती जळणासाठीं धुरकट कोळसा विकण्याची पूर्ण बंदी झाली ती तर इ. स. २०२३ च्या १ मे रोजीं.

आतां पुन्हां रम्फर्डकडे वळतों; कारण त्याचा एक शोध या सर्वांहून मोठा असून तो घर बांधणारांनीं पावणेदोनशें वर्षें तसाच पडूं दिला. बव्हेरियाच्या सैनिकांना कोणते कपडे द्यावे हें ठरविण्यासाठीं त्यानें एक उष्णतामापक यंत्र कांचेच्या नळींत बसविलें, त्याच्याभोंवतीं रेशीम, लोंकर, कापूस, सशाची लव, पक्ष्यांचीं मऊ पिसें, असें एकेक द्रव्य भरलें, तें तापविलें आणि निवावयास किती वेळ लागतो तें घड्याळ लावून मोजलें. या संशोधनाबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याला इ. स. १७९२ चें कॉप्ली पदक दिलें. त्याचा निष्कर्ष असा कीं, ऊब लोंकरीच्या धाग्यांत नसते. धाग्यांच्या जाळ्यांत जी हवा अडकून पडते ती हवाच ऊब धरते. आपल्या बायकांना हें प्रयोगावांचून ठाऊक आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेली गोधडी गरम कां, आणि दबून गेलेली गादी पिंजाऱ्यानें पिंजून दिली कीं पुन्हां ऊबदार कां होते? पिंजारी कापूस वाढवीत नाहीं. तो गादींत हवा परत भरतो.

मग हीच गोधडी घराला कां घालूं नये? आइसलंडच्या शेतकऱ्यांनीं गवताळ मातीच्या जाड ढेकळांचीं घरें बांधलीं, रशियनांनीं ओंडक्यांच्या फटींत शेवाळ ठांसलें. त्यांनीं घातलीच होती. पण शहरांतल्या शहाण्या माणसांना जळण स्वस्त असेपर्यंत तिची आठवण झाली नाहीं. विस्तव कसा सुधारावा याचा विचार सर्वांनीं केला. भिंत कशी सुधारावी याचा थोड्यांनीं. इ. स. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें आणि काहीं महिन्यांत त्याची किंमत चौपट झाली, तेव्हां झोंप उडाली. इ. स. १९७७ मध्यें कॅनडांतील रेजायना शहरीं, जेथें पारा शून्याखालीं तीस-चाळीस अंशांपर्यंत उतरतो, एक घर बांधलें गेलें. त्यांत तापविण्याची नेहमींची भट्टी ठेवलीच नव्हती. भिंतींत हातभर जाडीचें ऊबरोधक द्रव्य, फटी कसोशीनें बुजविलेल्या. पण फटी बुजविल्या तर शिळी, दमट हवा आंत कोंडणार. त्यावर उपाय म्हणून एक पेटी बसविली होती: बाहेर जाणारी शिळी हवा आणि आंत येणारी ताजी हवा या दोन्ही पातळ पडद्याच्या दोन बाजूंनीं वाहतात, एकमेकींत मिसळत नाहींत, जाणारी आपली उष्णता येणारीला देऊन जाते. क्रोन्स्टेटनें धुराकडून जी वसुली केली होती, तीच ही हवेकडून.

जर्मनींतील डार्मस्टाट येथें वोल्फगांग फाइस्ट या पदार्थविज्ञानवेत्त्यानें स्वीडनच्या बो आडामसनबरोबर केलेल्या विचारांतून चार घरांची एक रांग उभी राहिली, आणि इ. स. १९९१ मध्यें तींत चार कुटुंबें राहावयास गेलीं. भिंतींना सत्तावीस सेंटिमीटरांवर गोधडी, खिडक्यांना तिहेरी कांच, आणि वर सांगितलेली हवेची पेटी. अशा घराला तापविण्यासाठीं जमिनीच्या दर चौरस मीटरमागें वर्षाला पंधरा युनिटांहून अधिक उष्णता लागूं नये, असें पुढें प्रमाणच ठरलें. तेलाच्या भाषेंत दीड लिटर. जुन्या घराला याच्या दहापट लागणें नवलाचें नव्हतें. ऐन कडाक्याच्या दिवशीं अशा घरांतील वीस चौरस मीटरांची खोली तापविण्यास दोनशें वॅट पुरतात. शांत बसलेला माणूस स्वतः सुमारें शंभर वॅट उष्णता बाहेर टाकीत असतो. म्हणजे दोन माणसें गप्पा मारीत बसलीं तर काम भागलें.

नवीं घरें अशीं बांधतां येतात. पण युरोपांतले बहुसंख्य लोक जुन्याच घरांत राहतात. लंडनमधील व्हिक्टोरियाकालीन घरांच्या रांगांना एकसंध विटांची भिंत असते, आंत पोकळी नसते. तिला बाहेरून गोधडी घालावी तर रस्त्यावरची विटांची नक्षी झांकली जाते आणि शेजारी व नगरपालिका दोघेहि हरकत घेतात. आंतून घालावी तर मुळांतच लहान असलेली खोली आणखी लहान होते, आणि काम कच्चें झालें तर गोधडी व वीट यांच्यामध्यें ओल साठून तुळया कुजतात. हे घरवाले बहुधा खिडकीपासून सुरुवात करतात, मग छपराकडे वळतात, आणि भिंतीशीं येऊन थांबतात. जुनी आगटी मात्र पुष्कळांनीं जागच्या जागीं ठेवली आहे. थंडीच्या दिवसांत तिच्या धुराड्यांत फुगविलेली रबरी पिशवी किंवा लोंकरीचा बोळा कोंबून ठेवतात, वरून वारा येऊं नये म्हणून.